गॅलरीचा रंग

पंतनगर, घाटकोपर
२१ जानेवारी १९८५

श्री. जयवंत यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आणि त्यासोबतचं शेडकार्ड मिळालं. पाकीट एवढं जाड होतं की पोस्टमनने बाबांना विचारलं, जावयाने मस्कतहून चॉकलेटं पाठवली की काय. बाबांनी ते शेडकार्ड रेडिओवर ठेवलंय. घरात येणारा प्रत्येकजण आपल्याला आवडलेल्या रंगावर बोट ठेवून जातो. मी अजून एकाही रंगावर बोट ठेवलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत, की लग्नाआधी मुलुंडचं घर रंगवून घ्यायचं आणि रंग मी ठरवायचे, कारण यापुढे तिथे मी राहणार. वाचून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. आपला साखरपुडा होऊन जेमतेम महिना झालाय. ज्या घरात मी अजून पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसते, तिथल्या भिंतींचं मी कसं ठरवायचं?

तरी काल रविवारी बाबांबरोबर जाऊन आले. तुमच्या आईंनी दार उघडताच सांगितलं, "तूच ठरव गो, माका काय कळता रंगातला." मग त्या बाबांशी गावच्या कलमांना मोहर कसा आलाय ते बोलत बसल्या आणि सुगंधावहिनींनी मला घर दाखवलं. हॉलच्या भिंतींना पोपडे आलेत. स्वयंपाकघर फोडणीच्या धुराने पिवळं पडलंय. आतल्या खोलीत वहिनींचं शिवणाचं मशीन, त्यांचं कपाट, घडी करून ठेवलेलं अंथरूण आणि तुमच्या लवूदादांचा फोटो आहे. दादांना जाऊन दोन वर्षं होतील ना आता? वहिनी म्हणाल्या, लालबागची खोली सोडून इतक्या लांब मुलुंडला घर घ्यायचं दादांनी ठरवलं तेव्हा सगळे हसले होते. हॉलला लागून काचा लावून बंद केलेली गॅलरी आहे, तिथे फक्त अडगळ.

आता जे विचारायचंय ते विचारते. तुम्ही लिहिलंय, "आपल्या खोलीला फिका गुलाबी." आपली खोली कुठली? हॉल, स्वयंपाकघर आणि वहिनींची खोली सोडून आणखी खोली मला दिसली नाही. मी आपल्या खोलीचा रंग ठरवला, तर वहिनी कुठे झोपणार?

तुम्हाला वाटेल, हिला काय करायचंय. पण लहानपणी मी छातीने अशक्त होते, म्हणून चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. सोनूबाई आत्यानेच घरी शिकवलं. तिची शिस्त अशी, की पाटीवर काही लिहायच्या आधी विचारायचं, आणि आपल्याला कोणी विचारलं तर खरं तेच सांगायचं. ती सवय अजून सुटत नाही. रागावू नका.

तब्येतीला जपा.
तुमची,
शुभा


मस्कत
३ फेब्रुवारी १९८५

प्रिय शुभा,

तुझं पत्र आलं तेव्हा केबिनमधल्या सगळ्यांनी आळीपाळीने पाकिटाचा वास घेतला. अत्तर नाही म्हटल्यावर पब्लिक जाम हिरमुसलं. पुढच्या वेळी निदान पावडर तरी शिंपड यार, माझी इज्जत जाते.

हे बघ, इतका विचार नको करूस. हॉलला क्रीम, ऑइलपेंट. स्वयंपाकघराला आकाशी. आतली खोली आपली, दुसरी कुठली असणार? तिथे फिका गुलाबी. वहिनी आईबरोबर हॉलमध्ये झोपेल. आईचं आणि माझं तसं बोलणं झालंय. लालबागला आम्ही सगळे एकाच खोलीत झोपायचो, तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

एक सांगू का? मी इथे एसी दुरुस्त करतो. साहेबलोकांच्या बंगल्यांत जावं लागतं. एकेका खोलीला एकेक रंग. पोरांच्या खोलीला पिवळा, झोपायच्या खोलीला अबोलीसारखा काहीतरी. काम संपवून केबिनवर येतो तर चारी बाजूंनी पत्रा, राखाडी रंगाचा. माझ्या वरच्या खाटेवर एक केरळी, समोर एक पंजाबी. रडावंसं वाटलं तर माणसाने संडासात जावं, अशी सोय आहे. मला एक खोली हवी शुभा. दार लावलं की आत आपण दोघंच, आणि भिंत राखाडी नसलेली. एवढंच डोक्यात ठेवून मी दिवस काढतोय. सुट्टी मे महिन्याची मंजूर झालीय.

पेंटर म्हणून आमच्या ओळखीचा अंबादास आहे, आई त्याला निरोप देईल. वहिनीची काळजी करू नकोस, ती समजूतदार आहे.

तुझा,
जयवंत


घाटकोपर
१९ फेब्रुवारी १९८५

श्री. जयवंत यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. केबिनचं वाचून रात्री जेवण गेलं नाही. तुमचं म्हणणं मला कळतं. आतली खोली गुलाबी होईल. शेडकार्डावरचा सगळ्यात फिका गुलाबी मी निवडलाय, उन्हात जवळजवळ पांढराच वाटेल, पण दिवा लावल्यावर कळेल.

पण हॉलचं मला पटेना, म्हणून मी पुन्हा मुलुंडला गेले. आई शेजारी शेवंतीबाईंकडे गेल्या होत्या. वहिनी मशीनवर कोणाच्या तरी ब्लाउजला काखेची पट्टी लावत होत्या. मी सांगितलं, आतल्या खोलीचं असं ठरतंय. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, ठरणारच, नवीन जोडप्याला खोली लागतेच. मशीन कुठे ठेवायचं तेवढं बघावं लागेल, कारण हॉलमध्ये त्याच्या आवाजाने आईंचं डोकं दुखतं.

तेव्हा मला गॅलरीचं सुचलं. अडगळ काढली, तर एक अरुंद खाट आणि मशीन दोन्ही मावतं. मी वहिनींना टेप घेऊन उठवलं आणि आम्ही मापं घेतली. मावतं. दाराला पडदा लावला की त्यांची त्यांची जागा होईल. काचांतून उजेड इतका येतो की सुईत दोरा ओवायला दिवा नको.

मग मी विचारलं, गॅलरीला कुठला रंग लावू या. त्या हसल्या. म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हा भिंती चुन्याच्या होत्या, इथे आलो तेव्हा बिल्डरने लावला तो रंग. मला हे कोणी विचारलंच नाही कधी." मी शेडकार्ड पुढे केलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि चिंध्यांचं बोचकं सोडून त्यात बराच वेळ शोधत बसल्या. शेवटी पोलक्याचा उरलेला एक तुकडा काढला. हिरवा, पण पोपटी नाही आणि शेवाळीही नाही. त्यांच्या माहेरी लावणीच्या आधी भाताची रोपं दाट उगवतात, त्याला तरवा म्हणतात, अगदी तसा. तो तुकडा त्यांनी भिंतीला लावून धरला आणि मान तिरकी करून बघत राहिल्या. शिवताना बघतात तशा.

मी त्यांना हो म्हणून टाकलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही. आता विचारते. गॅलरी वहिनींना द्यायची ना? अंबादास होळीनंतर लगेच काम सुरू करणार आहे, तेव्हा लवकर लिहा.

पाकिटावर पावडर शिंपडायला हात धजला नाही. माफ करा.

तुमची,
शुभा


मस्कत
५ मार्च १९८५

शुभा,

तुझं पत्र आणि आईचं पत्र एकाच दिवशी हातात आलं. आईने शेवंतीबाईंकडून लिहून घेतलंय. त्यात आहे, की सुगंधा गॅलरी मागतेय, मापं घेऊन झालीत, रंगही ठरलाय. तू लिहिलेलं आणि हे, दोन्हींतली गोष्ट एकच आहे, पण वाचायला किती वेगळी वाटते बघ.

तुला सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. वहिनी लग्नाआधी कणकवलीला तिच्या भावाकडे जाणार आहे. कायमची. हे आईने दादाचं वर्षश्राद्ध झालं तेव्हाच ठरवलं होतं. वहिनीला पोरबाळ नाही. घर दादाने घेतलं आणि उरलेलं कर्ज मी निस्तरलं. उद्या कोणी तिचे कान भरले, तर ती म्हणेल माझाही वाटा आहे. तिच्या मनात तसं नसेल, पण आईला भीती वाटते. ती हॉलमध्ये झोपेल असं मी लिहिलं, ते तुला उगाच त्रास नको म्हणून.

तुझं मन चांगलं आहे. पण तिला विचारायला नको होतंस. विचारलं की माणूस उत्तर देतं, मग ते उत्तर घरभर फिरत राहतं. आणि हिरवा रंग, तोसुद्धा तिच्यासाठी, लग्नघरात? तुझ्या आत्याला विचार, बायका काय बोलतील ते.

गॅलरीला क्रीमच लाव, हॉलसारखा. तिथे आपलं कपाट येईल. वहिनीजवळ हा विषय पुन्हा काढू नकोस.

जयवंत


घाटकोपर
१८ मार्च १९८५

श्री. जयवंत यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. आठवडाभर आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं, किंवा मग काहीच बदललं नसतं, मला कळत नाही. जे झालं ते आईंच्या पत्रातून कळण्याआधी मी लिहिते.

होळी झाली तसं अंबादासने काम सुरू केलं. आधी सगळीकडे खरवडून भेगाखड्ड्यांत लांबी भरली. आतल्या खोलीतलं सामान हॉलमध्ये आणून चादरीखाली झाकलं होतं. तुमच्याकडून काही कळलं नव्हतं, म्हणून गॅलरी शेवटी ठेवायला मी सांगितलं होतं. पण गुलाबी रंग वाळेपर्यंत त्याला रिकामं बसायचं नव्हतं. मी शनिवारी ऑफिसातून थेट मुलुंडला पोचले, तोवर त्याने गॅलरीत पहिला हात मारलाही होता. वहिनींनी तो तुकडा त्याला आधीच दिलेला होता आणि त्याने हुबेहूब जमवला होता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर संध्याकाळच्या उन्हात तो रंग पडला होता. मी त्यांना इतकं तरतरीत कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आई देवळातून आल्या. चपला काढल्या, गॅलरीपर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"ह्यो हिरवो रंग कोणासाठी गो?"

अंबादास शिडीवर तसाच राहिला. वहिनी लगेच म्हणाल्या, "शुभासाठी. तिला सकाळच्या चहाला इथे बसायला आवडेल, म्हणून तिने निवडलाय."

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा सैल झाला होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी मला विचारलं, "व्हय गो?"

जयवंत, मला विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही आई. रंग वहिनींनी निवडला, गॅलरी त्यांच्यासाठी आहे. मीच त्यांना विचारलं होतं." मला वाटलं, माझ्यासाठी त्यांच्यावर खोटं बोलायची वेळ येऊ नये. मला वाटलं, दोष माझ्याकडे घेतला की झालं.

आई माझ्यावर अजिबात चिडल्या नाहीत. त्या वहिनींकडे वळल्या. "माझो घोव गेलो तेव्हा माका कोणी विचारूक नाय. दोन पोरांक घेवन उंबऱ्यात झोपलंय. आणि तुका आता रंग होयो?" आई म्हणाल्या, "मगे घरच वाटून घे." आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकर लावला.

वहिनींनी अंबादासला खाली उतरायला सांगितलं आणि उरलेल्या क्रीम रंगाचा डबा त्याच्या हातात दिला. माझ्याकडे त्यांनी त्यानंतर बघितलं नाही.

काल रविवारी त्या गेल्या. बाबांच्या ओळखीचे भाऊराव कोणाला तरी त्याच एसटीत बसवायला गेले होते, त्यांच्याकडून मला कळलं. बरोबर एक ट्रंक आणि पिशवी होती म्हणे. तुम्ही लिहिता की हे आधीच ठरलेलं होतं. असेल. पण ठरलेलं मे महिन्याचं होतं. आणि मध्ये ते टळू शकलं असतं, असं मला वाटतं. त्या दिवशी आईंचा चेहरा मी बघितला होता.

तुम्ही आईंना लिहा. वहिनींना परत बोलवा. मी हॉलमध्ये झोपेन, मला चालेल. त्या घरात वहिनी नसतील तर मला त्या गुलाबी खोलीत पाऊल टाकता येणार नाही. हे मी हट्टाने लिहीत नाही.

शुभा


मस्कत
३१ मार्च १९८५

प्रिय शुभा,

तू फार मनाला लावून घेतेस. वहिनी भावाकडे गेलीय, कुठे जंगलात नाही. मी तिला गणपतीला बोलावून घेईन, शब्द देतो. आधी लग्न होऊ दे. पत्रिका छापायला गेल्या.

आईशी मी इथून काय भांडू? पत्रातून भांडायचं म्हणजे आज रागावायचं आणि तिला ते पोचेपर्यंत आपला राग गेलेला असतो. मग तिचं रडणं येतं, तेव्हा आपण तिसऱ्याच कामात असतो. आई वाईट नाही. दादा गेल्यावर ती वहिनीशी बोलायचीच बंद झाली, कारण वहिनी दिसली की तिला दादा आठवतो. हे ती कबूल करणार नाही.

आणि तुलाही एक विचारतो, रागावू नकोस. वहिनी सांभाळून घेत होती ना? मग तू कशाला बोललीस?

सुट्टी पंचेचाळीस दिवसांची आहे. त्यातले किती दिवस आपण ह्याच्यात घालवायचे? आतल्या खोलीचा फोटो पाठव ना. कलर फोटो मिळाला तर बघ. गुलाबी कसा उठलाय, नीट लिही. बाकी काही लिहू नकोस, फक्त ते लिही.

तुझा,
जयवंत


घाटकोपर
१४ एप्रिल १९८५

श्री. जयवंत यांस,
नमस्कार.

गुलाबी चांगला उठलाय. काल बघून आले. सकाळी पांढरट दिसतो, दुपारी मोतिया, आणि दिवा लावला की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. अंबादासने कोपरे स्वच्छ काढलेत, पंख्याच्या पात्यांनाही हात मारलाय. दादांच्या फोटोचा खिळा होता तिथे लांबी भरलीय, बोट फिरवलं तरी समजत नाही. फोटो आईंनी हॉलमध्ये देवाच्या फळीवर ठेवलाय. खोलीचा कलर फोटो मिळाला नाही.

तुम्ही मागितलंत तेवढं लिहिलं. आता माझं लिहिते.

मी हे लग्न करू शकत नाही. बाबांना सांगूनच लिहितेय. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, मग आज सकाळी म्हणाले, तूच लिही, मला जमणार नाही. आत्या म्हणते, मुलगा चांगला आहे, तुझं डोकं फिरलंय. मुलगा चांगला आहे, हे मलाही कळतं. तुमचं केबिनचं पत्र मी जपून ठेवलं होतं, ते या पाकिटात परत पाठवतेय, कारण ते आता माझ्याजवळ असायला नको.

तुम्ही विचारलंत, कशाला बोललीस. रोज रात्री मी तेच विचारते. उत्तर एवढंच, की मला विचारलं गेलं होतं आणि दुसरं काही बोलायला मी शिकलेच नाही. त्याचा जाच वहिनींना झाला, मला झाला नाही. उलट आईंनी मला त्या दिवशी पानावर बसवून वाढलं.

ती खोली नव्या जोडप्यासाठी रिकामी झाली. जोडपंच नसेल, तर ती रिकामी ठेवायचं कारण उरत नाही. मी आले नाही, तर वहिनी परत येऊ शकतात. मला एवढं एकच करता येण्यासारखं दिसतं. वहिनींनाही मी तसं कळवलंय, आणि क्षमाही मागितलीय.

तुमच्याकडून आलेली साडी आणि अंगठी बाबा घेऊन येतील.

शुभा


मुलुंड
३० जून १९८५

चि. शुभास अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं कणकवलीला मिळाली होती. उत्तर द्यायला हात वळत नव्हता. वर मुलुंड वाचून तुला बरं वाटेल, म्हणून आधी सगळं सांगते.

भावाकडे मला कोणी वाईट वागवलं नाही. पडवीत जागा दिली. भावजय काम सांगायची नाही, आपण होऊन करायचं असं होतं. मग तुझं लग्न मोडल्याचं तिकडे कळलं. कसं कळलं देव जाणे, पण तुझ्या पत्राच्या आधीच कळलं होतं. लोक म्हणायला लागले, हिने मुंबईला दिराचं लग्न मोडलं. विहिरीवर बायका माझ्याशी बोलायच्या, पण मी गेल्यावर पुन्हा बोलायच्या. भावाची मुलगी लग्नाची आहे. तिला बघायला येणारे होते, ते आलेच नाहीत. भावजयीने मुलीला माझ्याबरोबर झोपायला पाठवणं बंद केलं.

मे महिन्यात जयवंत आला. रजा मिळालेली, ती घ्यावीच लागते म्हणे. घरी आला तर आई एकट्या, पायाला सूज आलेली, स्वयंपाक शेजारून येतोय. तो चार दिवसांनी थेट कणकवलीला येऊन उभा राहिला. पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, आईजवळ कोणीतरी हवं." मी ट्रंक भरली.

तेव्हा तू लिहिलंस तसंच झालं. मी परत आले. मात्र तुला वाटलं तशी नाही. आतली खोली बंदच असते. जयवंत होता तोवर तिथे झोपायचा. झोपायचा म्हणजे दार लावून दिवसभर पडून राहायचा. चहा द्यायला गेले, तर भिंतीकडे तोंड. रंग खरंच सुंदर आहे. जाताना त्याने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईंकडे दिली. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाला. मी हॉलमध्ये आईंच्या खाटेशेजारी खाली अंथरूण घालते. त्यांना रात्री उठवावं लागतं. त्यांच्या पायाला तेल लावताना त्या माझ्याशी बोलतात, लवूच्या लहानपणचं सांगतात. दोन वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं या महिन्यात बोलल्या. वाईट बाई नाही ती.

रजेत त्याने दोन मुली बघितल्या. बोरिवलीची ठरतेय. मार्गशीर्षात लग्न. तोवर मी इथे आहे. पुढचं आई बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

तू पत्रात क्षमा मागितलीस. मागू नकोस. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल, ती सांगते, कारण तुला खरं ऐकायला आवडतं. त्या दिवशी मी आईंना जे सांगितलं ते तुझ्यासाठी नव्हतं. ते मी माझ्यासाठी बोलले होते. मला तिथे राहायचं होतं. तो रंग तुझ्या नावावर लागला असता, तरी दिसला मलाच असता. तू ते माझ्या हातातून घेतलंस आणि आईंच्या पुढ्यात ठेवलंस. तुझं मन साफ होतं, ते मला तेव्हाच दिसलं. म्हणून तर तुझ्याकडे बघवलं नाही.

नंतर लग्न मोडतानाही तू मला विचारलं नाहीस. तेव्हा विचारायला हवं होतंस. मी म्हटलं असतं, लग्न कर. तू असतीस, तर त्या घरात मला बोलायला कोणीतरी असतं.

राग नाही. तुझं भलं व्हावं, चांगलं घर मिळावं, असं रोज म्हणते. पण आता पत्र पाठवू नकोस. टपाल आईंच्या हातात पडतं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या विचारतात कोणाचं, आणि मी माहेरचं म्हणून सांगते. या घरात राहायचं, तर मला तसं सांगत राहावं लागेल, आणि तुला ते सोसणार नाही. हे पत्रसुद्धा आई झोपल्यात म्हणून लिहून झालं. उद्या भाजी आणायला जाताना पेटीत टाकेन.

तुझी,
सुगंधावहिनी